वर्तुळातल्या चौकोनाचं क्षेत्रफळ: बाजूंचा क्रम बदलला तरी उत्तर तेच कसं?

पावकी_निमकी
एका सराव प्रश्नसंचातलं गणित देतो.

'वर्तुळात अंतर्लिखित चौकोनाच्या बाजू क्रमाने ७, १५, २० आणि २४ सेंमी आहेत. त्याचे क्षेत्रफळ आणि दोन्ही कर्ण काढा.' उत्तरसूचीत क्षेत्रफळ २३४ चौसेंमी, कर्ण २० आणि २३.४ सेंमी.

क्षेत्रफळाला ब्रह्मगुप्ताचं सूत्र लावलं. परिमिती ६६, अर्धपरिमिती ३३. त्यातून एकेक बाजू वजा केली की २६, १८, १३, ९. गुणाकार ५४७५६, वर्गमूळ २३४. इथवर ठीक.

खटकतंय ते असं की या सूत्रात बाजूंच्या क्रमाला जागाच नाही. ७ च्या समोर २० असो, १५ असो की २४, वजाबाक्या त्याच आणि गुणाकारही तोच. पण कागदावर काढले तर तिन्ही चौकोन चांगले वेगळे दिसतात. मग क्षेत्रफळ एकच कसं? की सूत्र एका ठरावीक क्रमालाच लागू आहे आणि पुस्तकं ते सांगत नाहीत?

(कर्णांचं उत्तरही जुळत नाहीये, पण ते नंतर. आधी हे.)

आगाऊ_कार्टं
सूत्रात क्रम नाही म्हणजे क्रमाने फरक पडत नाही. इति सिद्धम्. चहा घ्या.

चतकोर
कार्ट्याचं उत्तर बरोबर आहे, फक्त कारण दिलेलं नाही. ते असं.

वर्तुळाच्या केंद्रापासून चारही शिरोबिंदूंना रेषा जोडा. चौकोनाचे चार समद्विभुज त्रिकोण होतात. प्रत्येकाच्या दोन बाजू म्हणजे त्रिज्या आणि तिसरी बाजू म्हणजे चौकोनाची बाजू. आता भाकरीचे चतकोर ताटात कुठल्याही क्रमाने लावले तरी भाकरी तेवढीच राहते, तसे हे चार तुकडे केंद्राभोवती हवे तसे फिरवा. केंद्राशी होणाऱ्या चार कोनांची बेरीज ३६० अंशच राहते, म्हणून तुकडे पुन्हा चपखल बसतात. वर्तुळ तेच, क्षेत्रफळ तेच.

तुमच्या गणितात वर्तुळाचा व्यास २५ आहे (७, २४, २५ आणि १५, २०, २५ ही दोन्ही काटकोन त्रिकोणाची त्रिकुटं). त्रिज्या १२.५. केंद्रापासून जीवांची लंबांतरं पायथागोरसने काढली तर ७ साठी १२, २४ साठी ३.५, १५ साठी १० आणि २० साठी ७.५. तुकड्यांची क्षेत्रफळं अनुक्रमे ४२, ४२, ७५, ७५. बेरीज २३४. या बेरजेत क्रम आला कुठे?

हातचा_एक
केंद्र चौकोनाच्या बाहेर पडलं तर? तेव्हा चार तुकडे चौकोनाच्या आत राहत नाहीत.

चतकोर
@हातचा_एक, बरोबर पकडलंत. केंद्र बाहेर असेल तेव्हा सर्वांत लांब बाजूवरचा त्रिकोण मिळवायचा नाही, वजा करायचा. बाकी तिघांच्या बेरजेतून तो एक वजा. यातही क्रम येत नाही, कारण वजा होणारा तुकडा नेहमी सर्वांत लांब बाजूचाच असतो.

लंबदुभाजक
चिन्हांची भानगड नको असेल तर दुसरी रीत. कर्णावर चौकोन कापा. एक त्रिकोण उचलून त्या कर्णाच्या लंबदुभाजकाभोवती पालथा घाला. तो पुन्हा त्याच वर्तुळात बसतो, कारण जीवेचा लंबदुभाजक केंद्रातून जातो. क्षेत्रफळ हललं नाही, पण त्या त्रिकोणाच्या दोन बाजूंची अदलाबदल झाली. क्रम एकूण तीनच संभवतात (एका बाजूच्या समोर उरलेल्या तिघींपैकी कोण एवढाच प्रश्न), आणि अशा पालथ्या घालण्याने तिन्ही मिळतात. कार्डबोर्ड, कंपास आणि कात्री घेऊन दहा मिनिटांत करून बघता येतं.

(आयडी या दिवसासाठीच घेतला होता बहुतेक.)

बांधावरचा
चर्चा छान चाललीये, पण एक धोक्याची पाटी लावून ठेवतो. हे सूत्र लोक शेताला आणि प्लॉटला लावतात. चार बांध टेपने मोजले, मोबाइलवर सूत्र टाकलं, आलं क्षेत्रफळ. तो प्लॉट वर्तुळात बसतोच असं कुणी सांगितलं?

एक प्लॉट घ्या. बाजू क्रमाने ४०, ३०, ३४, ५२ मीटर. पहिल्या दोन बाजूंमधला कोपरा काटकोनात, म्हणून त्यासमोरचा कर्ण ५० मीटर. कर्णाच्या एका अंगाला ३०-४०-५० चा त्रिकोण, क्षेत्रफळ ६०० चौमी. दुसऱ्या अंगाला ३४-५२-५० चा. हेरॉनच्या सूत्राने (त्रिकोणाची अर्धपरिमिती गुणिले तिन्ही वजाबाक्या, मग वर्गमूळ) अर्धपरिमिती ६८, वजाबाक्या ३४, १६, १८ आणि क्षेत्रफळ ८१६. एकूण १४१६ चौमी.

ब्रह्मगुप्ताचं सूत्र लावलं तर अर्धपरिमिती ७८. ३८ × ४८ × ४४ × २६ चं वर्गमूळ सुमारे १४४४.५. म्हणजे साडेअठ्ठावीस चौमी जादा.

आणि गावोगाव चालणारी रीत, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणायचं: ३७ × ४१ = १५१७.

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौमी. त्या हिशेबाने खरी जमीन १४ गुंठे आणि सरासरीने १५ गुंठे. एक अख्खा गुंठा हवेतून आला.

दिडकी
तो हवेतला गुंठा विकणाऱ्याला बरोबर दिसतो, घेणाऱ्याला नाही. :-)

पावकी_निमकी
@बांधावरचा, सरासरीची रीत नेहमी जास्तच दाखवते का? कधी कमी दाखवत नाही?

बांधावरचा
कमी कधीच नाही. आयत असेल तर बरोबर, बाकी सगळ्या चौकोनांना जास्त.

कारण एका ओळीचं. कर्णावर कापलेल्या प्रत्येक त्रिकोणाचं क्षेत्रफळ दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून जास्त असू शकत नाही, आणि निम्मं भरतं ते मधला कोन काटकोन असेल तेव्हाच. दोन्ही कर्णांवर आळीपाळीने कापून सरासरी घेतली की लगतच्या बाजूंच्या चारही गुणाकारांची बेरीज भागिले चार येते. तीच सरासरीची रीत. चारही कोन काटकोन असल्याशिवाय ती गाठली जात नाही.

शून्यपूर्णांक
गंमत म्हणजे या दोन्ही रीती ब्रह्मगुप्ताने एकाच श्लोकात सांगून ठेवल्या आहेत, आणि कच्ची कुठली, पक्की कुठली हेही. ब्राह्मस्फुटसिद्धान्त, शके ५५० म्हणजे इ.स. ६२८, बारावा अध्याय:

स्थूलफलं त्रिचतुर्भुजबाहुप्रतिबाहुयोगदलघातः ।
भुजयोगार्धचतुष्टयभुजोनघातात् पदं सूक्ष्मम् ॥

बाहू आणि प्रतिबाहू म्हणजे समोरासमोरच्या बाजू, त्यांच्या बेरजांच्या निम्म्यांचा गुणाकार हे स्थूल फळ. अर्धपरिमिती चार ठिकाणी मांडून प्रत्येकीतून एकेक बाजू उणी करायची, गुणाकार, मग वर्गमूळ: हे सूक्ष्म फळ. बांधावरची सरासरी म्हणजे हेच स्थूल फळ. चौदाशे वर्षांपूर्वी त्याला 'स्थूल' म्हटलंय, तरी व्यवहार त्यावरच.

श्लोकात वर्तुळाचा उल्लेख नाही. त्यावरून अभ्यासकांत बराच काथ्याकूट झालाय. पण पुढच्याच काही श्लोकांत परिवर्तुळाच्या त्रिज्येचं गणित येतं. तिला त्याने 'हृदयरज्जु' असा सुंदर शब्द वापरलाय. त्यामुळे त्याच्या डोळ्यांसमोर वर्तुळातला चौकोन होता असं मानायला भरपूर आधार आहे. 'त्रिचतुर्भुज' हा शब्दही बघा. चौथी बाजू शून्य धरली की सूत्र आपोआप त्रिकोणाचं होतं, आणि त्रिकोण तर नेहमीच वर्तुळात बसतो.

वेताळ_पंचविसावा
भास्कराचार्यांनी यावर टीका केली होती ना? कुणीतरी पिशाच्चाबद्दल काही...

शून्यपूर्णांक
हो, 'लीलावती'त (इ.स. ११५०). हे सूत्र देताना ते त्याला चौकोनासाठी 'अस्फुट' म्हणजे अचूक नसलेलं म्हणतात, आणि त्रिकोणासाठी 'स्पष्ट'. उदाहरण दिलंय: भूमी (पाया) १४, मुख (वरची समांतर बाजू) ९, बाजू १३ आणि १२, लंब (उंची) १२. सूत्राने १९८०० चं वर्गमूळ, म्हणजे १४१ ला जरा कमी. प्रत्यक्षात हा समलंब चौकोन, (१४ + ९) भागिले २, गुणिले १२, बरोबर १३८.

मग ते चारही बाजू २५ असलेला समभुज चौकोन घेतात. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००, कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६, चौरस असेल तर ६२५. बाजू त्याच, फळं तीन. आणि मग तो प्रसिद्ध फटका: लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच्च.

वेताळ_पंचविसावा
म्हणजे धागाकर्ता पिशाच्च आणि चतकोर त्याहून मोठा. आमच्या मंडळात स्वागत आहे. झाडावर जागा रिकामी आहे.

पावकी_निमकी
वर्तुळात बसवून विचारलंय हो, मला वगळा!

शून्यपूर्णांक
तेच तर. चार काठ्या खिळ्यांनी टोकाला जोडल्या तर चौकट डावी-उजवी ढकलता येते, क्षेत्रफळ बदलत राहतं. भास्कराचार्यांचा मुद्दा तो. 'वर्तुळात बसतो' हे शब्द चौकट घट्ट करतात. सूत्र चुकीचं नाही, त्याची अट गाळली की चुकतं.

अवांतर: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यात पाटणला आहे. पाटणादेवीला जाणाऱ्यांनी चुकवू नये.

लंबदुभाजक
खिळ्यांच्या चौकटीवरून: ती ढकलत असताना क्षेत्रफळ सर्वांत जास्त केव्हा होतं? चारही टोकं एका वर्तुळावर येतात तेव्हा. म्हणजे ब्रह्मगुप्ताचं सूत्र कुठल्याही चौकोनाला लावलं तर खरं क्षेत्रफळ कधीच त्याच्या वर जाणार नाही. वरच्या प्लॉटचे १४४४.५ हे त्या चार बांधांत मावणारं कमाल क्षेत्र, आणि १४१६ त्याच्या आत.

किती आत, तेही नेमकं सांगता येतं. ब्रेटश्नायडरने १८४२ मध्ये दिलेली दुरुस्ती: चार वजाबाक्यांच्या गुणाकारातून आणखी एक पद वजा करायचं. ते पद म्हणजे चारही बाजूंचा गुणाकार गुणिले (संमुख कोनांच्या बेरजेच्या निम्म्याच्या कोसाइनचा वर्ग). बेरीज १८० अंश असेल तर निम्मे ९०, कोसाइन शून्य, दुरुस्ती शून्य.

बांधावरच्या प्लॉटला लावून बघितलं. एक कोन ९० अंश, समोरचा ज्याची कोसाइन ५/१३, म्हणजे सुमारे ६७.४ अंश. निम्म्या बेरजेच्या कोसाइनचा वर्ग नेमका १/२६. बाजूंचा गुणाकार २१,२१,६००; भागिले २६ म्हणजे ८१,६००. २०,८६,६५६ वजा ८१,६०० = २०,०५,०५६. वर्गमूळ १४१६. पैसा न् पैसा जुळला.

हातचा_एक
कोन कोण मोजणार शेतात? टेपनेच तपासायचं असेल तर दोन्ही कर्ण मोजा आणि टॉलेमी लावा. समोरासमोरच्या बाजूंच्या गुणाकारांची बेरीज ही कर्णांच्या गुणाकाराइतकी असेल तर चौकोन चक्रीय, म्हणजे वर्तुळात बसणारा. नाहीतर बेरीज जास्त भरते, कमी कधीच नाही. कमी भरली तर टेप सैल धरला होता किंवा आकडा चुकीचा लिहिला.

वरच्या प्लॉटचा दुसरा कर्ण सुमारे ५७.२७ मी. येतो. बाजूंकडून ४० × ३४ + ३० × ५२ = २९२०. कर्णांकडून ५० × ५७.२७ = २८६३.५. म्हणजे वर्तुळात नाही.

बांधावरचा
@हातचा_एक, कर्ण मोजलाच आहे तर ब्रह्मगुप्त कशाला? एक कर्ण आणि चार बाजू, दोन वेळा हेरॉन, झालं. वर्तुळ असो नसो. दुसरा कर्ण पडताळ्यासाठी ठेवा. पाच मोजमापांत चौकोन पक्का होतो, चारांत नाही. सरकारी मोजणी ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) आणि रोव्हर (उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र) यांनी होते ती कोपऱ्यांच्या बिंदूंवरून, बांधांच्या लांबीवरून नाही, त्याचं कारणही हेच.

आगाऊ_कार्टं
थोडक्यात, सूत्र परीक्षेत लावा, शेतात लावू नका.

हातचा_एक
परीक्षेतही डोळे मिटून नको. नेहमी दिसणाऱ्या चुका:

समांतरभुज चौकोनाला लावतात. ३, ५, ३, ५ ला उत्तर १५ येतं, ते आयताचं. काटकोन नसलेला समांतरभुज वर्तुळात बसतच नाही. याउलट समद्विभुज समलंब नेहमी बसतो. समांतर बाजू ४ आणि १०, तिरक्या ५ आणि ५: उंची ४, क्षेत्रफळ २८; सूत्राने ७ × ७ × ८ × २ = ७८४, मूळ २८.

अर्धपरिमितीऐवजी पूर्ण परिमितीतून वजा करतात. उत्तर भलतंच मोठं येतं तरी संशय येत नाही.

हेरॉनच्या सवयीने अर्धपरिमितीनेही गुणतात. त्रिकोणात चौथी बाजू शून्य म्हणून 'स वजा शून्य' (स म्हणजे अर्धपरिमिती) तिथे असतो. चौकोनात ती जागा चौथ्या बाजूने घेतलेली असते.

आणि एक बाजू बाकी तिघींच्या बेरजेहून मोठी दिली असेल (३, ४, ५, १३) तर मुळाखाली ऋण संख्या येते. तो चौकोन नाहीच, गणित चुकलंय.

दिडकी
एक जोडतो. एक बाजू बाकी तिघींच्या बेरजेच्या जवळ असेल तर मोजमापातली किरकोळ चूक उत्तरात भयंकर होते. १०, १०, १०, २९.९ मीटरला सुमारे १९.९ चौमी; शेवटची बाजू २९.८ केली तर २८.१. दहा सेंमीत चाळीस टक्के फरक. चपट्या चौकोनाला बाजूंवरून क्षेत्रफळ काढूच नये.

चिमूटभर_मीठ
सिद्धता कुणी देईल का? शाळेतल्या गणितात बसेल अशी.

लंबदुभाजक
बाजू क्रमाने अ, ब, क, ड. अ आणि ब मधला कोन म. समोरचा कोन १८० वजा म. दोन्हींची साइन सारखी, कोसाइन विरुद्ध चिन्हाची. सगळी जादू एवढ्यातच आहे.

कर्णावर कापून: क्षेत्रफळ = ½ (अब + कड) साइन म.

तोच कर्ण दोन्ही त्रिकोणांतून कोसाइन नियमाने लिहा आणि समीकरण मांडा:
अ² + ब² − २अब कोसाइन म = क² + ड² + २कड कोसाइन म.
म्हणून २(अब + कड) कोसाइन म = अ² + ब² − क² − ड².

आता साइन वर्ग = १ − कोसाइन वर्ग:
१६ × क्षेत्रफळाचा वर्ग = ४(अब + कड)² − (अ² + ब² − क² − ड²)².

उजवीकडे वर्गांची वजाबाकी. एकदा अवयव पाडले की [(अ+ब)² − (क−ड)²] गुणिले [(क+ड)² − (अ−ब)²]. दोन्ही कंसांत पुन्हा वर्गांची वजाबाकी. चार अवयव पडतात, प्रत्येकात तीन बाजू अधिक आणि एक उणे, म्हणजेच २(स−अ), २(स−ब), २(स−क), २(स−ड). दोनांचा चौथा घात १६, डावीकडच्या १६ शी कटला.

गोंधळ होतो तो दुसऱ्या पायरीत. समोरच्या कोनाच्या कोसाइनचं चिन्ह उलटं करायला विसरलं की पुढे अवयव पडतच नाहीत. केरळच्या ज्येष्ठदेवांच्या मल्याळम 'युक्तिभाषे'तही (सोळावं शतक) याची सिद्धता आहे, तीही वाचण्यासारखी.

चिमूटभर_मीठ
धन्यवाद, वाखु (वाचनखूण) साठवली. समोरासमोरच्या बाजूंच्या बेरजा सारख्या असतील तर आतही वर्तुळ बसतं, तेव्हा स−अ म्हणजेच क, स−ब म्हणजे ड... आणि क्षेत्रफळ फक्त चारही बाजूंच्या गुणाकाराचं वर्गमूळ! हे आत्ता दिसलं.

चतकोर
धागाकर्त्यांच्या कंसातल्या ओळीकडे कुणीच वळलं नाही. कर्ण काय आले तुम्हाला?

पावकी_निमकी
२५ आणि २०. उत्तरसूची म्हणते २० आणि २३.४. पडताळा म्हणून कर्णांच्या गुणाकाराचं निम्मं केलं: माझं २५० येतं, त्यांचं २३४. म्हणून वाटलं आपलंच चुकलं.

चतकोर
तुमचं बरोबर आहे, उत्तरसूची चुकली.

क्षेत्रफळाला क्रम लागत नाही, कर्णांना लागतो. या चार बाजूंपासून तीन वेगवेगळे कर्ण निघतात. जोड्यांचे गुणाकार मांडा:
७ × २४ + १५ × २० = ४६८
७ × १५ + २० × २४ = ५८५
७ × २० + १५ × २४ = ५००

कर्णाचा वर्ग = दोन आकड्यांचा गुणाकार भागिले तिसरा. ५८५ × ५०० ÷ ४६८ = ६२५, कर्ण २५. ४६८ × ५०० ÷ ५८५ = ४००, कर्ण २०. ४६८ × ५८५ ÷ ५०० = ५४७.५६, कर्ण २३.४.

एका चौकोनात यातले दोनच असतात. तुमच्या क्रमात ७ समोर २० आणि १५ समोर २४, म्हणून टॉलेमीने कर्णांचा गुणाकार ५०० हवा. २५ × २० = ५००. २० × २३.४ = ४६८ हे ७ समोर २४ असताना लागू, म्हणजे क्रम ७, १५, २४, २० असेल तेव्हा. उत्तरसूची करणाऱ्याने शेवटच्या दोन बाजू उलट्या घेतल्यात.

आणि तुमचा पडताळा फसवा होता. कर्णांच्या गुणाकाराचं निम्मं फक्त कर्ण एकमेकांना लंब असतील तेव्हाच. उत्तरसूचीच्या क्रमात ते लंब आहेत (७² + २४² = १५² + २०²), तुमच्या क्रमात नाहीत. तुमच्यात ½ × २५ × २० × साइन = २३४, म्हणून साइन ०.९३६ आणि कर्णांमधला कोन सुमारे ६९.४ अंश.

शून्यपूर्णांक
आणि तिन्ही कर्णांचा गुणाकार भागिले व्यासाची दुप्पट: २५ × २० × २३.४ ÷ ५० = २३४. हा नियम नारायण पंडिताचा, 'गणितकौमुदी', इ.स. १३५६. चौकोनात नसलेल्या तिसऱ्या कर्णालाही त्याने हिशेबात घेतलं.

पावकी_निमकी
म्हणजे प्रश्नाचा पहिला भाग क्रम न बघता सुटतो आणि दुसरा क्रमावरच अडतो. पुस्तकात पेन्सिलीने २५ आणि २० लिहून टाकलं. आता पंचकोनाचं विचारू का?

शून्यपूर्णांक
चतकोरांची भाकरी पंचकोनालाही चालते, क्रमाने फरक पडत नाही. पण सूत्र मागू नका. रॉबिन्सने १९९४ मध्ये दाखवलेल्या समीकरणात क्षेत्रफळाच्या वर्गाचा सातवा घात येतो.

वेताळ_पंचविसावा
झाडावर आणखी एक जागा करून ठेवतो.